समुद्र चार पावलांवर, तरी बाणगंगा गोडी कशी?

सर्वपित्री अमावास्येला काकांच्या तर्पणासाठी आम्ही वाळकेश्वरला बाणगंगेवर गेलो होतो. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे ओले पंचे, दर्भ, पत्रावळी, आणि या धांदलीशी काहीही देणंघेणं नसल्यासारखी पोहणारी बदकं. गुरुजींचं आटोपलं तशा काकू खाली वाकल्या, तळ्यात बोट बुडवलं आणि मी हात धरायच्या आत जिभेला लावलं.

“अरे, हे खारट नाही!”

“काकू, ते प्यायचं पाणी नाही गं.”

“पितंय कोण? चव बघितली. समुद्र तर त्या घरांच्या मागेच आहे. मग इथलं पाणी गोडं कसं?”

शेजारी उभ्या असलेल्या एका पोराने तळ्याच्या मधोमध रोवलेल्या खांबाकडे बोट दाखवलं. “तिकडे रामाचा बाण लागला ना, म्हणून.” काकूंना हे माहीतच होतं. त्यांना पुढचं हवं होतं. बाण लागला हे ठीक, पण पाणी आलं कुठून, आणि इतकी वर्षं येत कसं राहिलं?

प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचं उत्तर द्यायचं तर सहा-साडेसहा कोटी वर्षं मागे जावं लागतं. एकदा ते कळलं की मुंबईच्या इतर काही कोड्यांचाही उलगडा होतो. मलबार हिलची एक बाजू कड्यासारखी आणि दुसरी उताराची का, २०२० साली तिथला रस्ता का खचला, टेकडीच्या पोटातून कोस्टल रोडचे बोगदे काढताना नेमकं काय कापलं गेलं, आणि राजभवनाच्या टोकाशी असलेल्या एका फटीतून जायला लोक जीव का धोक्यात घालत. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मुंबईचा खडक तिरका आहे.

घावनांची चळत

मुंबईचा बहुतेक काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. जमिनीतून वर आलेला तप्त रस, म्हणजे लाव्हा, थंड होऊन त्याचा हा खडक बनतो. सिनेमात दाखवतात तसा शंकूच्या आकाराचा डोंगर फुटून हा लाव्हा आला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो पातळ रस बाहेर येऊन पसरत गेला. एक थर आला, थंड झाला. मध्ये काही काळ गेला, मग त्यावर दुसरा. असे थरांवर थर चढत गेले. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ सगळा महाराष्ट्र आणि वर आजूबाजूच्या राज्यांचे तुकडे. याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा स्वीडिश भाषेतल्या जिन्यासाठीच्या शब्दावरून आला. लोणावळ्याहून खाली उतरताना समोरचे डोंगर बघितलेत तर जिना का म्हटलं ते कुणी सांगायला नको.

काकूंना मी हे घावनांवरून समजावलं. तव्यावर तांदळाचं पीठ पसरलं की त्याला जाळी पडते, कारण वाफ बाहेर पडायला बघते. लाव्ह्याच्या थरातही वायूचे बुडबुडे वर येतात आणि तो थिजताना तिथेच अडकतात. म्हणून थराचा वरचा भाग बऱ्याचदा भोकाभोकांचा असतो. पुढे लाखो वर्षं त्या भोकांतून पाणी झिरपतं आणि पांढरे, हिरवट स्फटिक जमतात. समुद्राकाठच्या काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसतात, ते शिंपले नव्हेत. ही भरलेली भोकं आहेत. कांदिवलीच्या जुन्या दगडखाणींतून निघालेले असे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे जाऊन बसले आहेत. आपण मात्र खडी करून ते रस्त्यात घातले.

घावन थंड होताना आकसतो. लाव्हाही आकसतो, आणि आकसताना त्याला उभ्या भेगा पडतात. उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखलाची षट्‌कोनी फरशी होते, तसंच. थर जाड असेल आणि सावकाश थंड झाला असेल तर या भेगा खोलवर जाऊन खडकाचे खांबच्या खांब उभे राहतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल म्हणजे हेच. सुमारे ६१ मीटर उंचीची ती खांबांची जुडी आज इमारतींनी वेढलेली आहे आणि माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे.

या लेखापुरत्या दोनच गोष्टी लक्षात ठेवा. थरांवर थर आहेत, आणि प्रत्येक थराला भेगा आहेत.

ताट कललं कधी?

महाबळेश्वरला किंवा माथेरानला लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत, टेबलावर ठेवलेल्या चळतीसारखे. पनवेलच्या आसपास मात्र ते पश्चिमेकडे वाकू लागतात. मुंबईत हा कल साधारण १० ते १५ अंश भरतो. भूशास्त्रज्ञ या वाकण्याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. आपण वाक म्हणू.

कारण मोठं आहे. त्या काळात भारताच्या पश्चिमेला जमीन फाटत होती. आज हिंदी महासागरात असलेला सेशेल्स बेटांचा तुकडा तेव्हा आपल्याला चिकटून होता. तो सुटला आणि दूर गेला. तुटलेल्या कडेचा जमिनीचा भाग पश्चिमेकडे खचला आणि त्याबरोबर लाव्ह्याचे थर कलले. समुद्राखाली ते आणखी खोल गेले आहेत. १९७४ साली बॉम्बे हायला तेल सापडलं, त्या तेलाच्या थरांच्याही खाली आपला हाच बेसॉल्ट आहे.

म्हणजे घावनांचं ताट कुणीतरी समुद्राच्या बाजूने खाली कलतं केलं आणि तसंच सोडून दिलं.

आता कललेली चळत उघड्यावर ठेवली आणि तिच्यावर कोट्यवधी वर्षं पाऊस पडला, तर काय होईल? मऊ थर आधी झिजतील, कठीण थर उठून राहतील. मुंबई बेटावर नेमकं हेच झालं. पश्चिमेला मलबार हिलपासून खंबाला हिल, वरळीपर्यंत एक कणा उभा राहिला. पूर्वेला डोंगरी, माझगाव, शिवडीच्या बाजूला दुसरा. मधला भाग खोलगट राहिला, त्यात भरतीचं पाणी शिरायचं. सात बेटं म्हणतो ती याच कण्यांची वर राहिलेली टोकं आणि तुकडे. भराव घालून आपण ती जोडली, पण खोलगटपणा काही गेला नाही. दर जुलैत हिंदमाताला गुडघाभर पाण्यात उभं राहून कॉर्पोरेशनला शिव्या घालताना (घालाव्यातच) हेही आठवायला हरकत नाही, की आपण दोन कण्यांमधल्या बशीत उभे आहोत.

मग ते गोडं पाणी

मलबार हिल सुमारे ५० मीटर उंच. गिरगाव चौपाटीकडची तिची बाजू चढणीची, कड्यासारखी. पश्चिमेची बाजू थरांच्या कलाप्रमाणे समुद्राकडे उतरत जाते. बाणगंगा या पश्चिम उताराच्या पायथ्याशी आहे.

टेकडीवर पाऊस पडतो. काही पाणी वाहून जातं, काही भेगांतून आत मुरतं. खाली एखादा घट्ट थर लागला, राखेचा किंवा चिकणमातीसारखा, की त्याला आणखी खाली जाता येत नाही. मग ते त्या थराच्या पाठीवरून घसरत जातं. कुठे? जिकडे कल आहे तिकडे, म्हणजे पश्चिमेला.

गूळ घातलेला नारळाचा रस घावनांच्या चळतीवर ओता आणि ताट एका बाजूने किंचित उचला. रस सगळीकडून गळत नाही. जाळीतून खाली उतरतो, दोन घावनांच्या मधून सरकतो आणि खालच्या कडेला एका जागी साचतो. ती खालची कड म्हणजे बाणगंगा.

इथे शहाणा वाचक विचारेल की गोडं पाणी समुद्राकडेच येत असेल, तर समुद्राचं पाणी भेगांतून उलट आत का शिरत नाही? शिरतं. खालून शिरतं. पण खारं पाणी जड असतं आणि गोडं हलकं, त्यामुळे वरणावर तूप तरंगावं तसं गोडं पाणी वर राहतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपीय अभियंत्यांनी याचा हिशेब मांडला. जमिनीतल्या गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल, तर समुद्रपातळीखाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. हा हिशेब सारख्या वाळूसाठी आहे. भेगाळ कातळात आकडा तंतोतंत लागू होत नाही, पण तत्त्व तेच. वरून दाब असेपर्यंत खारं पाणी दूर राहतं.

हाच हिशेब उलटाही चालतो, आणि काळजीची गोष्ट ती आहे. गोड्या पाण्याची पातळी १ मीटर उतरली तर खारं पाणी खालून ४० मीटर वर सरकायला बघतं. बोअरवेलने उपसा वाढला, किंवा टेकडीवरची माती काँक्रीटखाली गेल्यामुळे पाणी मुरायचंच थांबलं, की किनाऱ्यालगतच्या विहिरी खाऱ्या होतात. कोकणात समुद्राजवळ नारळी-पोफळीची वाडी असलेल्या कुणालाही विचारा. पंप जास्त वेळ चालवला की पाणी ‘मचूळ’ लागतं, हे तिथे शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक असतं.

बाण, वाळू आणि वालुकेश्वर

गोष्ट अशी सांगतात. सीतेच्या शोधात राम दक्षिणेकडे निघाला होता. इथे मुक्काम पडला. तहान लागली, आणि समोर तर अथांग खारं पाणी. बाण मारला (कुणी म्हणतं रामाने, कुणी म्हणतं लक्ष्मणाने) आणि पाताळातून गंगा वर आली. म्हणून बाणगंगा. पूजेला शिवलिंग नव्हतं, म्हणून रामाने वाळूचंच केलं. वाळूचा ईश्वर तो वालुकेश्वर, त्याचं झालं वाळकेश्वर.

कुंड बांधून घेतलं ते ११२७ साली, शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभू यांनी, असं परंपरा सांगते. जुनं देऊळ पोर्तुगीज काळात पडलं. पुढे १७१५ च्या सुमाराला मुंबईचे व्यापारी रामा कामतींनी नवं बांधलं.

मला या गोष्टीत बाणापेक्षा तहान महत्त्वाची वाटते. या किनाऱ्यावर होड्या लागत असणार. समुद्रात दिवस काढून आलेल्या माणसाला काठावर आल्यावर पहिल्यांदा काय लागतं? गोडं पाणी. बेटावरच्या अशा जागा मोजक्या, आणि ही तर थेट समुद्राच्या कडेला. जी जागा जीव वाचवते ती विसरून चालत नाही. आणि न विसरण्यासाठी गोष्टीइतका टिकाऊ उपाय त्या काळी दुसरा नव्हता. पाण्याचा नकाशा फाटतो, गोष्ट फाटत नाही.

श्रीगुंडी

बाणगंगेहून दक्षिणेला जावं तर टेकडी निमुळती होत समुद्रात घुसते. ते मलबार पॉइंट. १८८५ पासून मुंबईच्या गव्हर्नरांचा मुक्काम तिथे आहे. तेच पुढे राजभवन झालं. (२०१६ साली या आवाराच्या पोटात तेरा खोल्यांचं जुनं ब्रिटिशकालीन भुयार सापडलं होतं. आपल्याच घराखाली एवढं काही आहे हे कुणाला माहीत नसावं, ही मुंबईतच घडू शकणारी गोष्ट.)

या टोकाच्या खडकांत एक चिरलेला दगड होता, श्रीगुंडी. त्याच्या अरुंद फटीतून आरपार गेलं की पाप धुतलं जातं, माणूस जणू नव्याने जन्मतो, अशी श्रद्धा. एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने १८१० साली हिंदू देवदेवतांवर पुस्तक छापलं, त्यात या जागेचं वर्णन आहे. खडकांत अडचणीची जागा, पोचायला कठीण, पावसाळ्यात लाटांचा अखंड मारा. शिवाजी महाराज जीव धोक्यात घालून गुपचूप मुंबई बेटावर आले आणि या फटीतून गेले, अशी त्या वेळी सांगितली जाणारी कथा तो नोंदवतो. इतिहास म्हणून ती धरता येणार नाही. पण महाराजांनंतर सव्वाशे वर्षांनीही लोक ती सांगत होते, एवढं त्यातून नक्की कळतं. दुसरी कथा राघोबादादांची. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. पुढे राघोबा इंग्रजांच्या आसऱ्याला मुंबईत आले. त्या पातकातून सुटायला त्यांनीही ही फट गाठली, असं सांगतात. ‘ध’ चा ‘मा’ झाल्यावर माणसाला एका फटीने कितपत मोकळं वाटलं असेल, कोण जाणे. आज राजभवनाच्या आवारात श्रीगुंडी देवीचं मंदिर आहे.

अशी फट तयार कशी होते, हे घावनाच्या आकसण्यातच आहे. बेसॉल्टला उभ्या भेगा जन्मापासून असतात. टोकावरच्या खडकावर लाटा तीन बाजूंनी येतात. वळणदार किनाऱ्यावर लाटा वळून टोकाकडेच जास्त जोर लावतात. लाट भेगेत शिरली की आतली हवा कोंडते, दाबली जाते. लाट मागे हटली की ती एकदम सुटते. सायकलच्या पंपाचं तोंड दाबून धरा म्हणजे तो जोर कळेल. हे दिवसरात्र चालतं. शिवाय भेगेत राहिलेलं खारं पाणी सुकलं की मिठाचे कण वाढतात आणि दगड आतून पोखरतात. हळूहळू भेगेची फट होते, फटीची कपार, कपारीचं आरपार भोक.

सुकतीच्या वेळी खडपांवर कालवं काढायला जाणाऱ्या कोळणी अशी भोकं नावानिशी ओळखतात. कुठल्या फटीत पाय अडकेल आणि कुठल्या फटीतून पाणी अचानक उसळेल, हे त्यांना माहीत असावं लागतं. त्यांच्या पोटापाण्याचा या भेगांशी जवळचा संबंध आहे.

वरळीचे बेडूक आणि महालक्ष्मीचं स्वप्न

लाव्ह्याचे दोन थर येण्याच्या मध्ये बराच काळ जायचा, हे वर आलंच आहे. त्या मधल्या काळात काय होतं? वरळीच्या टेकडीने याचं छान उत्तर दिलं. तिथल्या बेसॉल्टखाली गाळाचा एक पातळ थर आहे. एकोणिसाव्या शतकात खोदकामात त्यात इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले, शेकड्यांनी. रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. आज त्यांना ‘इंडोबॅट्रॅकस’ म्हणतात. त्याच गाळात गोड्या पाण्यातल्या कासवाचे अवशेषही मिळाले. म्हणजे दोन आगींच्या मध्ये इथे उथळ तळी होती, बेडूक डरांव करत होते, आणि मग पुन्हा लाव्हा आला. काही ठिकाणी तो पाण्यातच ओतला गेला आणि उशांच्या ढिगासारखा थिजला. घाटावर असे खडक सहसा दिसत नाहीत. मुंबईचा कातळ घाटाच्या कातळाचा भाऊ आहे, पण स्वभावाने वेगळा.

मलबार हिल ते वरळीच्या या कण्यात जागोजागी खिंडी होत्या. त्यांतली मोठी महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली. भरतीला समुद्र तिथून आत शिरून बेटाचा मध्य बुडवायचा. अठराव्या शतकात ती बुजवायला बांध घातला, तो हॉर्नबी वेलार्ड. १७८४ च्या सुमारास पुरा झाला. त्याची कथा सर्वांना माहीत असते. बांध पुन्हा पुन्हा ढासळायचा. रामजी शिवजी प्रभू या पाठारे प्रभू कंत्राटदाराच्या स्वप्नात देवी आली. खाडीतून मूर्ती काढल्या, आणि मग बांध टिकला. ही महालक्ष्मी.

नीट बघा: बाणगंगेला गोडं पाणी फुटतं, श्रीगुंडीला कातळ चिरतो, महालक्ष्मीला समुद्र कणा फोडून आत यायचा. तिन्ही ठिकाणी खडक नेहमीसारखा वागत नाही. आणि तिन्ही ठिकाणी देव आहे.

“म्हणजे गोष्टी खोट्या?”

हा प्रश्न येतोच, आणि दोन्हीकडून येतो. एकाला वाटतं, भूशास्त्र सांगणारा रामाला नाकारतोय. दुसऱ्याला वाटतं, गोष्ट सांगणारा अंधश्रद्धा पसरवतोय.

माझं सरळ मत असं, की दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत. पाणी कुठून येतं, हे खडक सांगतो. पाणी इथे आहे आणि ते जपायचं आहे, हे गोष्ट सांगते. गोष्टीवरून खडकाचं वय काढता येत नाही, तसंच कल मोजून सर्वपित्रीची गर्दी समजत नाही. ‘आमच्या पूर्वजांना प्लेट टेक्टॉनिक्स (जमिनीचे मोठे तुकडे सरकण्याचं शास्त्र) माहीत होतं’ असे जे संदेश फिरतात, त्यांच्यापासून मात्र चार हात लांब राहा. पूर्वजांना ते माहीत नव्हतं. त्यांना पाणी माहीत होतं, आणि ते पुरेसं होतं.

“काळा दगड तो काळा दगड, त्यात एवढं काय?”

इमारती बांधणाऱ्या ओळखीच्या एकाने मला हे ऐकवलं होतं. त्याचं म्हणणं, मुंबईत पाच-दहा मीटर खोदलं की कातळ लागतो आणि कातळ लागला की चिंता मिटली.

अर्धं खरं आहे. ठणठणीत बेसॉल्ट फार मजबूत. पण मुंबईत एकच दगड नाही. बेसॉल्ट आहे, राखेचे थर आहेत, तुकडे-तुकडे चिकटून झालेला ब्रेशिया आहे, वरळीच्या गाळासारखा, पापुद्र्यांचा मऊ दगड आहे. मालाड-कुर्ल्याचा पिवळट दगडही आहे, ज्याने फोर्टातल्या कितीतरी जुन्या इमारती नटल्या. शिवाय थर तिरके असल्याने पन्नास पावलांवर खाली वेगळाच दगड लागू शकतो.

कोस्टल रोडचे जुळे बोगदे प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी असे सुमारे २ किलोमीटर टेकडीच्या पोटातून जातात. काही ठिकाणी ते जमिनीखाली सुमारे ७० मीटर खोल आहेत. ‘मावळा’ नावाच्या, १२.१९ मीटर व्यासाच्या यंत्राने पहिला बोगदा जानेवारी २०२२ मध्ये आणि दुसरा मे २०२३ मध्ये पार केला. वाहनं २०२४ पासून धावू लागली. टेकडीच्या आरपार पूर्व-पश्चिम आडवं खोदत जायचं आणि थर तर पश्चिमेला कललेले. चळत तिरकी असताना तिच्यात आडवी सुई खुपसली, तर ती एका घावनात राहत नाही. एकामागून एक घावन कापत जाते. कठीण, मऊ, पुन्हा कठीण. यंत्राचे दात त्याप्रमाणे झिजतात.

ऑगस्ट २०२० मधला प्रकारही पुष्कळांना आठवत असेल. कुलाब्याला २४ तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. मलबार हिलवर बी. जी. खेर मार्ग खचला आणि खाली केम्प्स कॉर्नरजवळ दरड आली. ‘टेकडी घसरली’ असं सगळे म्हणत होते. पण थर टेकडीच्या आत, पश्चिमेकडे कलतात. चौपाटीच्या बाजूला ते बाहेर घसरण्यासारखे नाहीतच. घसरतं ते वरचं: कड्यावरचा कुजलेला मुरूम, भरावाची माती आणि तिला थोपवून धरणाऱ्या भिंती. माती पाण्याने फुगली, पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, मग भिंतीवर भार येतो. अशा भिंतींना पाणी निघण्यासाठी भोकं ठेवलेली असतात. पुढच्या वेळी त्या बाजूला जाल तेव्हा बघा, किती भोकं प्लास्टिकने आणि झाडाच्या मुळांनी बुजली आहेत.

पुन्हा लाव्हा येईल का?

नाही. बऱ्याच शास्त्रज्ञांच्या मते तो लाव्हा ज्या उष्ण ठिकाणावरून आला, ते ठिकाण आज हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. आपण मात्र त्याच्यावरून सरकून कोट्यवधी वर्षांपूर्वी उत्तरेला आलो. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं बघून शंका येते, पण तिथे पाणी भेगांतून खोल जाऊन तापतं आणि वर येतं एवढंच. तिथेही देवी आहे, हे ओघाने आलंच.

आणि ‘मुंबईच्या ज्वालामुखीने डायनोसॉर मेले’ हे वाक्य जरा जपून वापरावं. डेक्कन ट्रॅपचा मुख्य भर साडेसहा कोटी वर्षांच्या थोडा आधीचा. पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत मनोरी आणि साकीनाक्याचे खडक ६ ते ६.२ कोटी वर्षांचे निघाले. तोवर डायनोसॉर जाऊन लाखो वर्षं लोटली होती. मुंबईचा दगड शेवटच्या पंगतीचा.

हे सगळं मी काकूंना दोन-तीन बैठकांत सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पण विश्वास ठेवला असं मला वाटलं नाही.

पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं. घावन आणि रस. ताटात सात-आठ घावनांची चळत लावली, वरून पळीभर रस ओतला, आणि सर्वांच्या देखत ताटाची एक कड वाटीवर टेकवली. आम्ही सगळे बघत बसलो. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खालच्या कडेला, दुसऱ्या आणि तिसऱ्या घावनाच्या मधून, एका जागी पांढरा थेंब फुगला आणि ओघळला.

“आणि वर झाकण ठेवलं तर?” काकूंनी विचारलं. “काँक्रीटचं?”